शुक्रवारी डॉर्म रिकामं होतं तेव्हा

अगं,

तुझा परवा रात्रीचा मेसेज वाचला, लगेच उत्तर द्यायला घेतलं पण ते वाढतच गेलं, म्हणून हे पत्र. "इथे सगळे एकमेकांना आधीपासून ओळखतात, मीच बाहेरची" असं लिहिलंयस ना, त्यातलं पहिलं बरंचसं खरंय. अमेरिकेतल्या स्टेट युनिव्हर्सिटी मुळात त्या त्या राज्यातल्या मुलांसाठीच उभ्या राहिल्या. १८६२ च्या मॉरिल कायद्यात राज्यांना जमिनी मिळाल्या आणि त्यातून कितीतरी कॉलेजं निघाली, आणि आजही काही ठिकाणी बाहेरच्यांना मर्यादा आहे, टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये तर पहिल्या वर्षाला येणाऱ्यांपैकी ९० टक्के मुलं राज्यातलीच असावी लागतात. मग एकाच हायस्कूलची दहा-पंधरा मुलं एका डॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजच्या होस्टेलमध्ये, दिसली तर त्यात नवल काय? तुझ्यात काही कमी आहे म्हणून हे होत नाहीये, हे आधी मनाशी पक्कं कर.

मला माझा पहिला सप्टेंबर अजून आठवतो. शुक्रवारी चार वाजले की कॉरिडॉरमध्ये लाँड्रीच्या पिशव्या दिसायला लागायच्या. रूममेटची निळी पिशवी, तिचं तोंड कधी नीट बांधलेलं नसायचं, एखादा मोजा हमखास लिफ्टपाशी पडायचा, मग मी तो उचलून खिडकीत ठेवायचे आणि रविवारी रात्री ती आली की द्यायचे. तिचं घर गाडीने दीड तासावर, माझं विमानाने. सहा वाजेपर्यंत आख्खा मजला शांत. मी दार लावून बसायचे, जेवण खोलीतच आणायचे आणि दोन-दोन तास आईशी फोनवर बोलायचे, आणि फोन ठेवला की आधीपेक्षा जास्त एकटं वाटायचं. तीन वीकेंड असे घालवले. चौथ्याला दाराखाली रबरी डोअरस्टॉप सरकवला, कारण डॉर्मची दारं आपोआप बंद होतात, आणि नुसती अभ्यास करत बसले. तासाभराने दोन खोल्या सोडून राहणारी एकजण स्टेपलर मागायला आली. तीही बाहेरच्या राज्यातली, तिलाही वाटत होतं की मजल्यावर आपण एकट्याच उरलोय. रात्री बारापर्यंत आम्ही खाली लाउंजमध्ये बसलो होतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की इतक्या हजारो मुलांमध्ये मिसळायचा प्रयत्नच करू नकोस, ते कुणालाच जमत नाही, तिथल्या मुलांनाही नाही. तू नाही आलीस तर कुणीतरी विचारेल अशी एक छोटी जागा शोध. आणि तिला वेळ दे. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ चा एक अभ्यास आहे, त्यात नवीन कॉलेजला आलेली मुलंही होती. नुसती ओळख असलेला माणूस जरा मित्र वाटायला साधारण ५० तास लागतात, खरा मित्र व्हायला ९० च्या आसपास आणि अगदी जवळचा व्हायला २०० च्या वर, आणि वर्गात शेजारी बसलेले तास त्यात फारसे धरता येत नाहीत. आता तूच हिशोब कर, आठवड्याला दोन तासांचा एक क्लब, सेमिस्टर पंधरा आठवड्यांचं, म्हणजे झाले ३० तास. ऑक्टोबरमध्ये तुला जवळचं कुणी नाही याचा अर्थ तू अजून तेवढ्या तासांपर्यंत पोचलेलीच नाहीस, नापास नाही झालीस. ट्रान्सफरचा, दुसऱ्या कॉलेजात जायचा, विचार करतेयस ना, तो निदान स्प्रिंग सेमिस्टरपर्यंत तरी बाजूला ठेव.

क्लब निवडताना नुसत्या मीटिंगा होतात ते सोड. क्लबच्या जत्रेत वीस ठिकाणी ईमेल देऊन आली असशील, त्यातले दोन ठेव, आणि त्यातला एक तरी असा की तिथे हाताला काम असतं, स्टेजचे सेट रंगवणं, कॅम्पसचा पेपर काढणं, रोबोट जोडणं, काहीही. काम करता करता बोलणं आपोआप होतं, विषय शोधत बसावं लागत नाही. तीनशे जणांच्या लेक्चरमध्ये ओळखी होत नाहीत, पण टीए, म्हणजे प्रोफेसरांचा मदतनीस, घेतो त्या वीस-पंचवीस जणांच्या छोट्या वर्गात दर वेळी त्याच जागेवर बस. प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना पण जा, तिथे बऱ्याचदा कुणीच आलेलं नसतं.

फुटबॉलच्या मॅचचं तू लिहिलंस की गाणी, हातांच्या खुणा, काहीच कळत नाही. विचार ना शेजारच्याला! ज्यांना लहानपणापासून येतंय त्यांना ते शिकवायला मनापासून आवडतं. कळतंय असं दाखवत कडेला उभं राहण्यात काही मिळत नाही.

पैशांचं. "आउट-ऑफ-स्टेट, म्हणजे बाहेरच्या राज्यातल्यांची, फी एवढी आहे म्हणून मजा करायची मला लाज वाटते", हे वाचून मला फार वाईट वाटलं गं. आईबाबांनी ती फी तू खोलीत कोंडून घ्यावंस म्हणून भरलेली नाही. आणि पुढच्या वर्षी मला त्याच राज्यातली धरून इन-स्टेट फी लावतील अशी आशा धरू नकोस, बहुतेक राज्यांत शिक्षणासाठी येऊन राहिलेलं वर्ष धरत नाहीत आणि तू आईबाबांवर अवलंबून असशील तर ते राहतात तेच तुझं राज्य. घरचा हेल्थ इन्शुरन्स त्या राज्यात चालतो का हेही आजारी पडायच्या आधी फोन करून विचार.

नोव्हेंबरमधल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला रूममेटने घरी बोलावलं तर संकोच न करता हो म्हण. आणि डिसेंबरच्या सुट्टीत तुझं डॉर्म बंद होतं का ते हाउसिंगच्या ऑफिसात आत्ताच विचार, बऱ्याच ठिकाणी होतं, मग ऐनवेळी तिकिटं परवडत नाहीत.

डोअरस्टॉप मी उद्या पोस्टाने पाठवतेय. आधी आरएला, म्हणजे तुमचा मजला सांभाळणाऱ्या सीनियरला, विचार, काही डॉर्ममध्ये आगीच्या नियमामुळे चालत नाही, आणि चालत असला तरी तू आत असतानाच लाव. नाहीच चालला तर पुस्तकं घेऊन सरळ लाउंजमध्ये जाऊन बस. मेलरूमच्या बॉक्सचा नंबर कळव, मागच्या वेळी पत्त्यात राहिला होता.

तुझी,
ताई