यादी लागेपर्यंत काय करायचं? पदव्युत्तर प्रवेशाबद्दल वाचकांचे प्रश्न

उन्हाळा सरता सरता या सदराकडे येणारी पत्रं बहुतेक एकाच विषयाची असतात. परीक्षा झाली, आता नुसतं थांबायचं की काही करायचं? प्रवेश गुणांवर ठरतो हे खरं, पण हातात आलेला प्रवेश जातो तो कागद, तारीख आणि मोबाइल नंबर यांपायी, आणि खेड्यातल्या मुलांचा तर हमखास. म्हणून या वेळी कागदांना जास्त जागा दिली आहे.

सीयूईटी-पीजी (केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशाची सामायिक परीक्षा) दिली, स्कोअरकार्डही आलं. फॉर्ममध्ये हैदराबाद आणि वर्ध्याचं विद्यापीठ निवडलं होतं. आता तिकडून पत्र येईल की मेल? फॉर्म तालुक्याच्या नेट कॅफेतून भरला होता.
— एक विद्यार्थिनी, आर्णी (जि. यवतमाळ)

आपण होऊन काहीच येणार नाही, असं धरूनच चला. एनटीए (राष्ट्रीय परीक्षा संस्था) परीक्षा घेते आणि गुण देते. प्रवेश देणं हे तिचं काम नाही. प्रत्येक विद्यापीठ स्वतःच्या संकेतस्थळावर वेगळी नोंदणी उघडतं. तिथे सीयूईटीचा अर्ज क्रमांक टाकायचा, पदवीचे गुण भरायचे, कागद चढवायचे आणि वेगळं शुल्क भरायचं. ही नोंदणी केली नाही तर गुण कितीही चांगले असोत, गुणवत्ता यादीत नाव लागत नाही. मुदत थोडी असते. दोन्ही विद्यापीठांचं प्रवेशाचं पान आज उघडा आणि त्यानंतर एक दिवसाआड बघत राहा.

आता कॅफेचं. फॉर्मची प्रिंट काढा आणि त्यावर ईमेल आणि मोबाइल नंबर कोणाचा आहे ते वाचा. कॅफेवाले घाईत स्वतःचा मेल टाकून देतात, मग जागा मिळाल्याचं पत्र त्यांच्या इनबॉक्समध्ये पडून राहतं आणि शुल्काची मुदत निघून जाते. तसं झालं असेल तर पासवर्ड मागून घ्या, विद्यापीठाच्या नोंदणीत मात्र स्वतःचाच मेल द्या. रिचार्ज संपून बंद पडणारं सिम प्रवेश संपेपर्यंत चालू ठेवा, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतो. मेलमधला स्पॅमचा कप्पाही रोज उघडा.

माझं नॉन क्रिमीलेयर तीन वर्षांचं आहे, अजून मुदत बाकी आहे. तरी मित्र म्हणतो आयआयटीला ते चालणार नाही. मग नवीन कशाला काढायचं? (जात: कुणबी)
— एक विद्यार्थी, मानोरा (जि. वाशिम)

मित्राचं बरोबर आहे. चांगले गुण असलेली मुलं सगळ्यात जास्त अडकतात ती याच ठिकाणी.

राज्याचं नॉन क्रिमीलेयर आणि केंद्राचं ओबीसी-एनसीएल (दोन्ही उन्नत गटात नसल्याचे दाखले) हे दोन वेगळे कागद आहेत. राज्याचं प्रमाणपत्र त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत चालतं, पण ते राज्याच्या प्रवेशासाठी. आयआयटीला केंद्र शासनाच्या नमुन्यातलं, इंग्रजीतलं आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर दिलेलं प्रमाणपत्र लागतं. केंद्रीय विद्यापीठांचा तारखेचा नियम माहितीपत्रकात असतो, तो शब्दशः वाचा. नमुनाही बहुधा त्याच माहितीपत्रकाच्या शेवटी जोडलेला असतो. तो छापून सोबत न्या आणि सेतू केंद्रात अर्ज देतानाच 'केंद्राच्या नमुन्यात हवं' असं स्पष्ट सांगा. नाहीतर नेहमीचं राज्याचंच हातात पडतं आणि चूक कळते ती कागदपत्रं तपासताना.

दुसरी गोष्ट, जात केंद्राच्या यादीत असावी लागते. कुणबी आणि धनगर दोन्ही महाराष्ट्राच्या केंद्रीय ओबीसी यादीत आहेत. राज्यात धनगर एनटी-सी (भटक्या जमाती-क) म्हणून मोजले जातात, पण ही जात केंद्राच्या फॉर्ममध्ये ओबीसी म्हणूनच भरायची. 'एनटी' असा रकानाच तिथे नसतो. प्रमाणपत्रावरचं जातीचं स्पेलिंग यादीतल्या स्पेलिंगशी जुळवून पाहा.

उत्पन्नाची भीती मात्र बाळगू नका. केंद्राच्या नियमात वर्षाला ८ लाखांची मर्यादा बघताना शेतीचं उत्पन्न आणि पगार धरत नाहीत. आई-वडिलांपैकी कुणी वरच्या दर्जाच्या सरकारी पदावर असेल तर तो निकष वेगळा लागतो.

ईडब्ल्यूएसमधून (आर्थिकदृष्ट्या दुर्बळ घटक) अर्ज करणाऱ्या वाचकांसाठीही इथेच सांगतो. केंद्राच्या ईडब्ल्यूएसमध्ये उत्पन्न ८ लाखांच्या आत असूनही कुटुंबाकडे ५ एकर किंवा जास्त शेतजमीन असेल तर प्रमाणपत्र मिळत नाही. कोरडवाहू सहा एकरांत घर चालत नाही हे विदर्भात कुणाला सांगायला नको, पण नियम ओलिताचा आणि कोरडवाहूचा फरक करत नाही. हा नियम अन्यायाचाच आहे असं आम्हाला वाटतं. तरी एक बघा: कुटुंब म्हणजे विद्यार्थी, आई-वडील, १८ वर्षांखालची भावंडं, आणि लग्न झालं असल्यास जोडीदार व १८ वर्षांखालची मुलं. वावर अजून आजोबांच्या नावावर असेल, फेरफार झाला नसेल, तर ते या व्याख्येत बसत नाही. सातबारा काढून नावं वाचल्याशिवाय 'आपलं होत नाही' असं ठरवू नका.

आयआयटी जॅममध्ये (एमएस्सी प्रवेशाची आयआयटींची परीक्षा) पहिल्या फेरीत चौथ्या पसंतीची जागा लागली. घेतली तर वरच्या पसंतीचा हक्क जातो का?
— एक विद्यार्थी, चिमूर (जि. चंद्रपूर)

जात नाही, पर्याय बरोबर निवडला तर. 'ॲक्सेप्ट अँड फ्रीझ' केलं की हीच जागा पक्की, पुढच्या फेऱ्यांत तुमचा विचार होत नाही. 'ॲक्सेप्ट विथ अपग्रेड' केलं की जागा राहते आणि पुढे वरची पसंती रिकामी झाली तर तुम्ही आपोआप तिकडे जाता. 'रिजेक्ट अँड क्विट' म्हणजे प्रक्रियेतूनच बाहेर. मुदतीत काहीच केलं नाही तरी बाहेरच पडता.

तुमच्यासाठी अपग्रेडच ठीक. फक्त वरची जागा लागली की खालची परत मागता येत नाही. म्हणून वरच्या तीनपैकी जिथे तुम्ही प्रत्यक्षात जाणार नाही, ती संस्था यादीत वर ठेवायला नको होती. आता पसंती बदलायची किंवा काढायची सोय पोर्टलवर आहे का ते आजच तपासा.

शेवटच्या सत्राचा निकाल लांबला आहे. प्रवेश रद्द होईल का?
— एक विद्यार्थिनी, मेहकर (जि. बुलढाणा)

निकालाला उशीर झाला एवढ्यावरून सहसा रद्द होत नाही. प्रात्यक्षिकासह सगळ्या परीक्षा प्रवेशाच्या तारखेआधी संपलेल्या असणं महत्त्वाचं. प्राचार्यांकडून तसं पत्र घ्या: परीक्षेची शेवटची तारीख, निकाल बाकी असल्याचा उल्लेख, सही, शिक्का. पाचव्या सत्रापर्यंतच्या सगळ्या गुणपत्रिका सोबत जोडा. संस्था हमीपत्र घेऊन तात्पुरता प्रवेश देते आणि अंतिम गुणपत्रिकेसाठी मुदत देते. बऱ्याच केंद्रीय संस्थांत ती ३० सप्टेंबरच्या आसपास असते. मुदत जवळ आली आणि निकाल तयार असूनही जाहीर झाला नसेल, तर परीक्षा विभागात अर्ज देऊन तो थेट त्या संस्थेला गोपनीय पाठवता येतो का ते विचारा. गुणपत्रिकेवर फक्त सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतर केल्याचं विद्यापीठाचं पत्रही आत्ताच मागून ठेवा. मागचा एखादा विषय राहिला असेल तर मात्र ते लपवू नका, संस्थेला लेखी विचारा.

नागपूरला एमएस्सीला प्रवेश घेऊन ठेवावा असं घरचे म्हणतात. नंतर बाहेरची यादी लागली तर फी आणि टीसी अडकेल अशी भीती आहे.
— एक विद्यार्थी, आरमोरी (जि. गडचिरोली)

घरच्यांचं ऐका. हातात एक जागा असू द्या.

फीबद्दल यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोग) ऑक्टोबर २०१८ चा नियम असा: प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी प्रवेश सोडला तर पूर्ण फी परत, त्यातून प्रक्रिया खर्च म्हणून फार तर ५ टक्के आणि तेही ५००० रुपयांच्या आत कापता येतात. शेवटचे १५ दिवस उरले असताना सोडला तर ९० टक्के, त्या तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के, पुढे काही नाही. काही वर्षी यूजीसी याहून जास्त सवलत देते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा होता आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त १००० रुपये कापायचे होते. चालू वर्षाचं परिपत्रक यूजीसीच्या संकेतस्थळावरून छापून जवळ ठेवा. कार्यालयात तोंडी सांगण्यापेक्षा कागद पुढे ठेवला की काम होतं.

मूळ कागदपत्रं कॉलेजने अडकवून ठेवायची नाहीत, हेही त्याच नियमात आहे. मूळ प्रती तपासून परत द्यायच्या आणि स्वसाक्षांकित झेरॉक्स ठेवून घ्यायच्या. तुम्ही आपण होऊन गुणपत्रिकांची मूळ फाइल जमा करू नका. टीसी मात्र बहुतेक ठिकाणी जमा करूनच घेतात. ती देण्याआधी दोन्ही बाजूंचं स्कॅन आणि चार झेरॉक्स काढा, आणि जमा केल्याची पोच मागा.

प्रवेश सोडताना अर्ज दोन प्रतींत लिहा, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. परताव्याची टक्केवारी त्याच तारखेवरून ठरते, म्हणून 'उद्या या' म्हटलं तर तोच अर्ज त्याच दिवशी कॉलेजच्या मेलवरही टाका. टीसी परत मिळायला वेळ लागणार असेल तर नव्या संस्थेत पोचपावती दाखवून हमीपत्र द्या.

मायग्रेशन प्रमाणपत्र विद्यापीठ बदलताना लागतं. तुमचं कॉलेज गोंडवाना विद्यापीठाचं असेल तर नागपूर विद्यापीठातही ते लागेल. ते मूळ विद्यापीठच देतं, त्यामुळे अर्ज लवकर करा.

मुलाची फी जुलैत भरायची आणि आमचा पैसा तेव्हा बियाण्या-खतात. कापूस निघतो दिवाळीच्या पुढेमागे. शिष्यवृत्तीवर अवलंबून राहावं का?
— एक पालक, समुद्रपूर (जि. वर्धा)

काका, पहिल्या हप्त्यासाठी राहू नका. महाडीबीटीचा (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) पैसा वर्ष सरताना किंवा त्याहूनही उशिरा येतो. राज्यातल्या कॉलेजात मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या एससी, एसटी विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी शिकवणी शुल्क आगाऊ मागू नये, असे शासनाचे आदेश आहेत. तसं असेल तर प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्या. वसतिगृह मिळालं नाही तर राहण्या-जेवणासाठी एससी आणि नवबौद्धांना स्वाधार, एसटींना स्वयम्, ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त आणि भटक्या जमाती) आणि एसबीसींना (विशेष मागास प्रवर्ग) ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. नागपूर, पुणे, मुंबईसारख्या शहरात ही मदत वर्षाला ६० हजारांपर्यंत जाते, लहान गावांत कमी. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा काढा. मुलाच्या खात्याला आधार नुसतं जोडलेलं पुरत नाही, डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) एनपीसीआयमध्ये (बँकांच्या देयक व्यवस्थेत) तेच खातं नोंदलेलं आहे का ते बँकेतून तपासा. मंजूर झालेली रक्कम परत जाते ती बहुतेक याच कारणाने.

शैक्षणिक कर्जाचा अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर होतो. सरकारच्या हमी योजनेतून साडेसात लाखांपर्यंत तारण न घेता कर्ज देता येतं. अडचण येते ती थकलेल्या पीक कर्जाची. वडिलांचं खातं थकीत असलं की बँक तिथेच थांबते. सहकर्जदार म्हणून आईचं किंवा नोकरीत असलेल्या मुलाचं नाव चालेल का ते आधी विचारा, आणि नकार दिला तर कारण लेखी मागा.

फी भरायच्या आदल्या आठवड्यात बँकेत जाऊन यूपीआय आणि नेट बँकिंगची रोजची मर्यादा वाढवून घ्या. शेवटच्या रात्री ५० हजार भरताना मर्यादा आडवी येते. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. पोर्टलवर 'पेमेंट स्टेटस' बघा, व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट संस्थेला मेल करा. 'फेल्ड' दिसलं आणि मुदत संपत आली असेल तरच पुन्हा भरा.

हैदराबादला जागा लागेल असं वाटतं. आत्तापासून कशाची तयारी करू? एकटी राहण्याची ही पहिलीच वेळ आहे.
— एक विद्यार्थिनी, कुरखेडा (जि. गडचिरोली)

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. हजर व्हायची तारीख अंदाजाने धरून वडशाहून बल्लारशाह गाठा आणि तिथून पुढचं तिकीट आत्ताच काढा. तेलंगणा एक्स्प्रेस बल्लारशाहला थांबते. स्लीपरचं कन्फर्म तिकीट बरंच आधी रद्द केलं तर थोडेच पैसे जातात, तत्काळच्या धावपळीपेक्षा ते परवडतं. घरचं एक माणूस सोबत न्या आणि परतीचं तिकीट तीन-चार दिवसांनंतरचं ठेवा, कारण वसतिगृहाची खोली पहिल्याच दिवशी मिळेल असं नसतं. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या अर्जापेक्षा वेगळा आहे का, तेही विचारून घ्या.

पदवी मराठी माध्यमातून झाली असेल तर पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम संकेतस्थळावरून उतरवा आणि त्यातलं एक पुस्तक आत्तापासून रोज पाच पानं इंग्रजीतून वाचा. न कळलेला शब्द तिथेच पेन्सिलीने लिहा. स्वयम् पोर्टलवर (केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रम, वर सांगितलेली योजना नव्हे) बऱ्याच विषयांची व्याख्यानं फुकट ऐकायला मिळतात, त्याने कानाला सवय होते.

मूळ कागद एका फाइलमध्ये घालून खांद्याच्या पिशवीत ठेवा, बर्थखालच्या बॅगेत नको. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र ऑनलाइन भरावं लागतं, विद्यार्थ्याचं आणि पालकांचं. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ ही मोबाइलमध्ये साठवा. प्रतिज्ञापत्राचा नोंदणी क्रमांक प्रवेशाच्या दिवशी मागतात, म्हणून ते निघण्याआधीच भरून, प्रिंट काढून फाइलमध्ये लावा.