नळ बंद झाला ती तारीख आधी लिहा

ताई, पुण्यातल्या महापालिकेच्या एका मंडईत तुमचा भाजीचा गाळा आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात खोदकामात पाइपलाइन फुटली. तेव्हापासून नळ कोरडा, आणि टँकरनं भरलेल्या टाकीच्या पाण्याला वास येतो. तुम्ही विचारता, स्वच्छ पाणी हा हक्क नाही का? दर उन्हाळ्यात मला हाच प्रश्न येतो. हक्क आहेच, घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कात न्यायालयांनी तो मानला आहे. डिसेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अनधिकृत झोपड्यांत राहणाऱ्यांचाही पाण्याचा हक्क मान्य केला. तो निकाल राहत्या घरांचा. मंडईला तो किती लागू पडेल, ते न्यायाधीश ठरवतील.

तुमचं प्रकरण मात्र तारखेवर अडणार आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 चं कलम 487 सांगतं की महापालिकेवर दावा लावण्याआधी मुख्य कार्यालयात लेखी नोटीस द्यायची, एक महिना थांबायचं, आणि कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा. तुमचे सहा महिने मेच्या पहिल्या आठवड्यात संपतात. आज मार्च सरत आलाय, म्हणजे नोटीस याच आठवड्यात गेली पाहिजे. पाणी रोजच मिळत नाही म्हणून कारण रोज नव्यानं घडतं, किंवा नोटिशीचा महिना मुदतीतून वगळावा, असे युक्तिवाद करता येतात. हातात दिवस असताना त्यांवर कशाला विसंबायचं?

पाच महिने तुम्ही मुकादमाला सांगितलंत, व्हॉट्सॲपवर फोटो टाकलेत, क्षेत्रीय कार्यालयात दोनदा जाऊन आलात आणि एकाही अर्जाची पोच घेतली नाहीत. याचा मला खरंच राग येतो, कारण कोर्टात पहिला प्रश्न हाच येतो: लेखी कधी कळवलं? नोटिशीत तुमचं नाव, राहण्याचा पत्ता, नळ बंद झाल्याची तारीख आणि मागणी स्पष्ट लिहा. आवक शिक्क्याची प्रत हातात आल्याशिवाय तिथून हलू नका. गाळा सासऱ्यांच्या नावावर आहे, तेव्हा नोटीस दोघांच्या नावानं द्या.

दिवाणी दावा वर्षानुवर्षं रेंगाळतो, हे मी रोज बघतो. म्हणून मुदत सांभाळून आधी कायमस्वरूपी लोकअदालतीत, म्हणजे सार्वजनिक सेवांचे वाद कोर्टात जाण्याआधी सोडवणाऱ्या मंचाकडे, अर्ज करा. पाणीपुरवठा तिच्या कक्षेत येतो आणि कोर्ट फी लागत नाही. पण त्याच वादाचा दावा आधी कोर्टात लावलात तर ते दार बंद होतं. थेट उच्च न्यायालयात करायच्या रिट याचिकेला कलम 487 ची मुदत नाही, तरी उशीर तिथेही नडतो, आणि त्यासाठी मुंबई गाठावी लागते. वकिलाच्या फीची चिंता नको. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा.

टाकीतलं पाणी सरकारी प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि तो अहवाल जपून ठेवा. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा पाण्याबद्दल केवढी भीती पसरली होती, ते तुम्हाला आठवत असेल. अहवाल येईपर्यंत गाळ्यावर बसणाऱ्या मुलांना ते पाणी पाजू नका.