जावा बेटावरचे शेतकऱ्यांचे एखादे छोटे गाव आतून कसे असते?

आपण विचारले आहे की, बोरोबुदूरच्या प्राचीन बौद्ध स्तूपाच्या आणि हिरव्यागार खाचरांच्या छायाचित्रांपलीकडे इंडोनेशियातल्या जावा बेटावरचे भातशेती करणारे साधे गाव प्रत्यक्षात कसे चालते आणि तेथे गेल्यास काय पाहावे. नोकरीनिमित्त सोलो शहरात राहत असताना मी मध्य जावातील क्लातेन जिल्ह्यात, देलांग्गूच्या आसपासच्या गावांत वरचेवर जात असे, म्हणून हे उत्तर त्या भागापुरते आहे. पश्चिमेकडील सुंदा लोकांची गावे किंवा दक्षिणेला गुनुंग किदुलच्या चुनखडीच्या डोंगरांवरची, पिढ्यान्‌पिढ्या कसावा या कंदावर गुजराण केलेली कोरडवाहू गावे यांना ते जसेच्या तसे लागू पडणार नाही.

आधी एक आकडा ध्यानात घ्यावा. जावाचे क्षेत्रफळ सुमारे 1 लाख 29 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी आहे आणि 2020 च्या जनगणनेनुसार त्यावर 15 कोटींहून अधिक माणसे राहतात. त्यामुळे तेथील गावाविषयी मला तीनच प्रश्न खरे महत्त्वाचे वाटतात: जमीन कोणाची आहे, तिच्यात राबते कोण, आणि पिकलेले भात कोणाकोणाच्या घरी जाते. सौंदर्य डोळ्यांना आपोआप दिसते. या तीन प्रश्नांची उत्तरे मात्र विचारावी लागतात.

रस्त्यावरून पाहिले तर घरे दिसतच नाहीत. सपाट खाचरांच्या मधोमध झाडांचे दाट पुंजके दिसतात, तीच वस्ती. अशा काही वाड्या, ज्यांना तेथे ‘दुसुन’ म्हणतात, मिळून एक ‘देसा’ होतो. प्रत्येक घराभोवती ‘पकारांगान’ नावाची परसबाग असते. तिच्यात नारळ, केळी, फणस, पपई आणि बांबू असे काही ना काही इतके दाटीने लावलेले असते की भर दुपारीही अंगणात सावली असते, आणि ती जमीन घरातील बाई रोज पहाटे खराट्याने स्वच्छ झाडून घेते. ज्यांच्याकडे खाचराचा तुकडाही नाही, त्यांच्या ताटातील भाजी आणि हातातील चार पैसे बऱ्याच अंशी या परसबागेतूनच येतात. जुन्या धाटणीच्या घरात आतल्या बाजूला तीन खोल्या असत आणि त्यांतली मधली भाताची देवता देवी श्री हिच्यासाठी राखलेली असे. गाव मुसलमान आहे, नमाजाची बांग दिवसातून पाच वेळा ऐकू येते, आणि तरीही कापणीआधी खाचराच्या कोपऱ्यात केळीच्या पानावर भात, उकडलेले अंडे आणि कोंबडी ठेवून ‘विवितान’ करणारी वडीलधारी माणसे अजून भेटतात. त्यांच्या दृष्टीने यात काही विसंगती नाही, आणि आपणही ती बाहेरून लादू नये असे माझे मत आहे.

या भागाचे भाग्य म्हणजे पाणी. पश्चिमेला मेरापी हा जागृत ज्वालामुखी आहे. त्याच्या राखेने माती सुपीक केली आहे आणि त्याच्या उतारावर मुरलेले पाणी पायथ्याशी ‘उंबुल’ म्हणजे नितळ झऱ्यांच्या रूपाने वर येते. चोक्रो येथील झऱ्याचे पाणी तर डच काळापासून सोलो शहर पीत आले आहे. त्यामुळे येथे वर्षातून दोन, पुष्कळ ठिकाणी तीन भातपिके घेतली जातात, आणि एका बांधापलीकडे लावणी चालू असताना दुसऱ्या बांधापलीकडे कापणी चालू असल्याचे दृश्य नेहमीचे आहे. पाटाचे पाणी कोणाला केव्हा सोडायचे हे पाहण्यासाठी ‘उलू-उलू’ नावाचा गावकामगार असतो, आणि कोरड्या महिन्यांत त्याच्याइतकी बोलणी कोणालाच खावी लागत नाहीत.

आता जमिनीकडे वळतो. अर्ध्या हेक्टरहून, म्हणजे साधारण सव्वा एकराहून कमी जमीन कसणाऱ्याला तेथे ‘गुरेम’ शेतकरी म्हणतात. संपूर्ण इंडोनेशियात निम्म्याहून अधिक शेतकरी कुटुंबे या वर्गात मोडतात आणि जावात हे प्रमाण त्याहूनही मोठे आहे. वारसा मुलगे आणि मुली दोघांकडेही जातो. कोठे समान वाट्याने, तर कोठे मुलाला दोन आणि मुलीला एक या प्रमाणात. ही पद्धत मुलींच्या बाजूने न्याय्य आहे, परंतु दोन पिढ्यांत तुकडा इतका लहान होतो की त्यावर घर चालत नाही. मग कोणी ‘मारो’ म्हणजे अर्धेलीने दुसऱ्याची जमीन कसतो, कोणी ‘मर्तेलू’ म्हणजे तिसऱ्या हिश्श्यावर, कोणी गहाण घेतो आणि कोणी नुसतीच मजुरी करतो. बाहेरून सारखेच दिसणारे शेजारी शेजारी राबणारे दोघे जण या दृष्टीने अगदी वेगळ्या स्थितीत असू शकतात.

ही स्थिती कशी बदलत गेली हे कापणीच्या पद्धतीतून सर्वांत स्पष्ट दिसते. पूर्वी भात ‘आनी-आनी’ने कापले जाई. हे पंजात मावणारे लाकडी मुठीचे छोटे पाते असते; ते बोटांमध्ये धरून एकेक लोंबी वेगळी खुडायची. मोठे पाते पाहून देवी श्री घाबरते अशी श्रद्धा त्यामागे होती, आणि जुन्या उंच जातींच्या लोंब्या एकाच वेळी पिकत नसल्यामुळे ही पद्धत सोयीचीही होती. हे काम बायकांचे असे, आणि कापणीला आलेल्या बाईला परत पाठवणे वाईट समजले जाई. जी येईल ती कापे आणि कापलेल्या भाताचा ठरलेला हिस्सा, ‘बावोन’, घरी नेई. हा हिस्सा गावागणिक, नात्यागणिक आणि मालकाच्या हातागणिक बदलत असे, पण भूमिहीन घरातील बाईच्या कणगीतही चार पायली भात त्यामुळे पडत असे.

1960 च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारी योजनांतून बुटक्या, लवकर येणाऱ्या, खतांना प्रतिसाद देणाऱ्या जाती आल्या. त्यांच्यासाठी विळा सोयीचा होता. त्याच सुमारास ‘तबासान’ ही पद्धत पसरली: व्यापारी उभे पीक पाहून, कापणीच्या काही दिवस आधी एकरकमी सौदा करतो आणि आपली टोळी आणून कापून नेतो. टोळीला मजुरी रोखीने मिळते, आणि गावातल्या बायका बांधावर उभ्या राहतात. यात सगळा दोष व्यापाऱ्याला देणे मला रास्त वाटत नाही. गावातील माणसे वाढत होती, खाचर मात्र तेवढेच होते. छोट्या तुकड्यावर शेजारणींची गर्दी उतरली की मालकाच्या हाती फार थोडे उरे, आणि शेजारणीला ‘नको’ म्हणणे त्याला जमत नसे. तो नकार त्याने परक्याच्या तोंडून वदवून घेतला. पुढे मळणी यंत्रे आली, आता कापणी-मळणी एकत्र करणारी मोठी यंत्रेही खाचरात उतरतात, आणि बावोनवर आधारलेली उपजीविका बहुतेक संपली आहे. लावणी मात्र अजून बायकाच करतात: चिखलावर आधी दातेरी लाकडी आखणीने रेघा ओढून घेतात, आणि मग ओळीने वाकून, एकेक पाऊल मागे सरकत रोपे खोचत जातात.

या बदलाचा दुसरा भाग किडींचा आहे. 1984 साली इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण झाल्याचे जाहीर झाले आणि लगेच पुढच्या हंगामांत तपकिरी तुडतुड्यांनी मध्य जावातली शेते जाळल्यासारखी करून टाकली. कीटकनाशकांवर मोठे सरकारी अनुदान होते, म्हणून फवारणी भरमसाट होत असे, आणि तिने तुडतुड्यांना खाणारे कोळी व इतर मित्रकीटकच आधी मरत. अखेर 1986 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावर 57 कीटकनाशकांच्या वापरास बंदी घातली गेली, आणि 1989 पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. त्यांत शेतकरी बांधावर बसून एकेका बुंध्यावरचे तुडतुडे आणि कोळी मोजत, कागदावर त्यांची चित्रे काढत आणि फवारायचे की नाही ते आपसांत चर्चा करून ठरवत. शेतकऱ्याला औषधाचे गिऱ्हाईक न समजता निरीक्षक समजणारा इतका मोठा प्रयोग जावाच्या खेड्यांत झाला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते, याची मला खंत वाटते.

देलांग्गूचे नाव ज्या तांदळाने झाले तो सुवासिक ‘रोजोलेले’ याच काळात मागे पडला. तो उंच वाढतो, वाऱ्याने लोळतो आणि जवळपास पाच महिने घेतो. तीन पिकांच्या गणितात त्याला जागा उरली नाही. अलीकडे जिल्हा प्रशासनाने इंडोनेशियाच्या अणुऊर्जा संस्थेच्या मदतीने किरणोत्सर्गाद्वारे त्याच्या बुटक्या आणि लवकर येणाऱ्या जाती तयार करून घेतल्या आहेत. त्यांतली ‘स्रीनुक’ आता तेथील बाजारात मिळते.

गावाचा कारभार निवडून आलेला ‘कपाला देसा’ पाहतो. वडीलधारी माणसे त्याला अजूनही ‘लुराह’ म्हणतात. त्याच्या हाताखाली ‘चारिक’ हा चिटणीस, धार्मिक विधींसाठी ‘मोदिन’ आणि वाड्यांचे प्रमुख असतात. पिढ्यान्‌पिढ्या यांना पगार नव्हता. पदावर असेपर्यंत कसण्यासाठी गावाच्या मालकीची ‘बेंकोक’ जमीन मिळे. आपल्याकडील पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनाची आठवण यावी अशीच ही व्यवस्था, फक्त ती वंशपरंपरागत नाही. 2014 च्या ग्रामकायद्यानंतर गावाला केंद्राकडून थेट निधी मिळू लागला, कारभाऱ्यांचे मानधन अंदाजपत्रकात आले, पण बेंकोक अनेक ठिकाणी टिकून आहे. 2024 च्या दुरुस्तीने प्रमुखाची मुदत 8 वर्षे झाली आहे, त्यामुळे ही निवडणूक किती चुरशीची होत असेल याची कल्पना करता येईल.

सर्वांत खालची पायरी ‘एरते’, म्हणजे काही घरांचा शेजारगट. ही रचना 1942 ते 1945 च्या जपानी अमलात माणसांवर नजर ठेवण्यासाठी आणली गेली होती. आज तिच्यातूनच गावाचे रोजचे जगणे चालते. प्रत्येक घराच्या दर्शनी भिंतीवर एक डबी किंवा नारळाची करवंटी टांगलेली असते. तिच्यात घरातील बाई रोज चिमूटभर तांदूळ टाकते, आणि रात्री गस्तीला निघालेले पुरुष घरोघरची ती ‘जिंपितान’ पिशवीत गोळा करतात. जमलेले तांदूळ विकून आलेला पैसा कोणाच्या आजारपणाला, कोणाच्या मयताला किंवा रस्त्यावरच्या दिव्याला जातो. हल्ली तांदळाऐवजी नाणी टाकतात, पण डबी भिंतीवर तशीच आहे. रिकामी डबी म्हणजे त्या घरी काहीतरी बिनसले आहे, हेही गस्तीवाल्यांना कळते.

‘स्लामतान’ हा विधी आपल्याला पाहायला मिळाला तर अवश्य पाहावा. जन्म, लग्न, घरभरणी आणि मृत्यूनंतरचा तिसरा, सातवा, चाळिसावा, शंभरावा व हजारावा दिवस अशा प्रसंगी शेजारचे पुरुष चटईवर गोल बसतात, यजमान अत्यंत आदबीच्या जावानी भाषेत निमंत्रणाचे कारण सांगतो, मोदिन अरबीत प्रार्थना म्हणतो, आणि मग भाताच्या शंकूभोवती मांडलेले अन्न थोडेसे चाखून उरलेले जो तो घरी नेतो. सगळे काही अर्ध्या तासात आटोपते. त्यामागे मात्र शेजारणींनी आदल्या दिवसापासून चुलीशी घातलेला वेळ असतो, आणि कोणत्या घरची बाई किती वेळा मदतीला आली याचा हिशेब कोठेही न लिहिता सर्वांच्या लक्षात असतो.

या सहकार्याचे कौतुक करताना एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण गावात ती कोणी आपणहून सांगणार नाही. 1960 च्या जमीनसुधारणा कायद्याची अंमलबजावणी रखडल्यावर 1964 मध्ये क्लातेन हा कम्युनिस्ट पक्षाच्या पाठिंब्याने चाललेल्या, भूमिहीनांच्या जमीन ताब्यात घेण्याच्या चळवळीचा एक मुख्य गड होता, आणि 1965 च्या अखेरीस सैन्य या भागात आल्यावर कम्युनिस्ट ठरवलेल्या असंख्य माणसांची येथे हत्या झाली. मारणारे आणि मेलेले पुष्कळदा एकाच वाडीतले होते, आणि त्यांची नातवंडे आज एकाच गोलात बसून जेवतात. हा विषय पाहुण्याने काढू नये. पण गावाचे मौन कधीकधी कशाचे आहे, हे पाहुण्याला ठाऊक असावे.

तरुण पिढी शेतीत राहत नाही. कोणी सोलोजवळच्या कापड कारखान्यांत जाते, कोणी जकार्तात खाद्यपदार्थांची गाडी लावते. शहरांतल्या रस्त्याकडेला दिसणाऱ्या ‘अंगक्रिंगान’ गाड्यांचा उगम याच जिल्ह्याच्या दक्षिणेकडील गावांत आहे. खाचरात दिसणारे चेहरे बहुतेक पन्नाशीपुढचे असतात. ईदला मात्र सगळे परततात, आणि आठवडाभर त्याच वाडीत चालायला जागा उरत नाही.

जायचे असल्यास लावणी आणि कापणी दोन्ही पाहायला मिळतील अशा बेताने जावे; पाटाच्या पाण्यामुळे या भागात तसा काळ वर्षातून अनेकदा येतो. मुक्काम करणार असाल तर 24 तासांच्या आत एरतेच्या प्रमुखाला, म्हणजे ‘पाक एरते’ना भेटून नाव नोंदवावे, तशा पाट्याच गावाच्या तोंडाशी लावलेल्या असतात. वयस्कर पुरुषाला ‘पाक’, बाईला ‘बू’ आणि आजी-आजोबांना ‘म्बाह’ म्हणावे, वस्तू देताना-घेताना उजवा हात वापरावा, आणि बसलेल्या माणसांसमोरून जाताना थोडे वाकून जावे. हे झाले की भाताच्या वाट्याबद्दल, पाण्याच्या पाळीबद्दल आणि बेंकोकबद्दल मोकळेपणाने विचारा. शेतकऱ्याला शेतीबद्दल विचारणारा पाहुणा तेथे विरळा येतो आणि चहा साखर घालून दोनदा तरी मिळतो.