मागे पडलेल्या उमेदवाराने प्रायमरीतून माघार घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या अंतर्गत निवडणुकीत, मागे पडलेल्या उमेदवाराने पक्षाच्या भल्यासाठी थांबावं का, आणि उदाहरण दिलंय २००८ चं: डेमोक्रॅटिक पक्षात बराक ओबामांविरुद्ध लढणाऱ्या हिलरी क्लिंटन मार्चमध्येच थांबल्या असत्या तर बरं झालं नसतं का? आधी या उदाहरणाबद्दल बोलते. "हिलरींनी हट्ट धरला आणि पक्षाचं नुकसान केलं" हे तेव्हापासून ऐकतेय आणि ते मला आजही साफ चुकीचं वाटतं.

हिलरी हरल्या त्या फेब्रुवारीत. ५ फेब्रुवारीच्या सुपर ट्यूजडेला (एकाच मंगळवारी बऱ्याच राज्यांत मतदान होतं तो दिवस) न्यू जर्सीसारखं मोठं राज्य त्यांनी जिंकलं आणि डेलिगेट, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी, मिळाले ५९, ओबामांना ४८. म्हणजे ११ ची आघाडी. त्याच दिवशी आयडाहोच्या कॉकसमध्ये (मतदारांनी सभेत जमून करायची निवड) ओबामांनी १५ विरुद्ध ३ असे डेलिगेट घेतले, म्हणजे १२ ची आघाडी. आयडाहोत नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट कधी जिंकत नाहीत म्हणून हिलरींच्या माणसांनी तिकडे फारसं लक्षच दिलं नव्हतं. अशी कॉकसची छोटी राज्यं एकामागून एक गेली. त्यानंतर महिनाअखेरपर्यंत हिलरींना एकही राज्य मिळालं नाही आणि ओबामा सुमारे दीडशे डेलिगेटनी पुढे गेले.

आता हे अंतर भरून का निघत नाही ते बघा. डेमोक्रॅटिक पक्षात "जिंकेल त्याला सगळं" असा प्रकार नाही. १५ टक्क्यांच्या वर मतं घेणाऱ्या सगळ्यांना प्रमाणात वाटा मिळतो, आणि बहुतेक वाटप मतदारसंघ धरून होतं. चार डेलिगेटच्या मतदारसंघात ६२.५ टक्के मतं ओलांडली तरच ३–१ होतं, नाहीतर साठ टक्के घेऊनही २–२. पाचच्या मतदारसंघात ७० टक्क्यांपर्यंत ३–२ च. पेनसिल्वेनिया हिलरींनी नऊ टक्क्यांनी जिंकलं आणि पदरात पडले निव्वळ १२ डेलिगेट (८५–७३). टेक्सासची ४ मार्चची प्रायमरी त्या जिंकल्या, पण त्याच रात्री तिथे झालेलं कॉकस ओबामांनी मारलं आणि राज्याचे जास्त डेलिगेट त्यांच्याकडेच गेले. ४ मार्चनंतर सुमारे सहाशे डेलिगेट उरले होते. दीडशेची पिछाडी भरायला त्यातले पावणेचारशे, म्हणजे बासष्ट टक्क्यांहून जास्त घ्यायला हवे होते. सगळीकडे. ते होणार नव्हतं.

मग त्या थांबल्या का नाहीत? कारण निकाल सुपरडेलिगेटच्या, म्हणजे पदामुळे आपोआप मत मिळालेल्या पक्षनेत्यांच्या, हातात होता. ते होते आठशेच्या आसपास आणि कुणालाही बांधलेले नव्हते. नुसत्या निवडून आलेल्या डेलिगेटच्या बळावर ओबामांनाही बहुमत गाठता येत नव्हतं. समोरचा उमेदवार बहुमताचा आकडा गाठत नाही तोवर लढत संपलेली नसते. ६ मे रोजी नॉर्थ कॅरोलायना मोठ्या फरकाने गेलं आणि इंडियाना जेमतेम एका टक्क्याने मिळालं, तेव्हा सुपरडेलिगेटना समजावायला हिलरींकडे काही उरलं नाही. माझ्या मते खरा प्रश्न फक्त ६ मे ते ३ जूनच्या शेवटच्या प्रायमरी या चार आठवड्यांचा आहे.

आणि नुकसान? त्या लांबलेल्या लढतीमुळेच इंडियानात आणि नॉर्थ कॅरोलायनात दोन्ही मोहिमांनी मार्च-एप्रिलभर मतदार नोंदवले, कार्यकर्ते उभे केले, कुठल्या गल्लीत कोण राहतं याच्या याद्या केल्या. एरवी तिथे मे महिन्यात कुणी फिरकलंही नसतं. नोव्हेंबरमध्ये ओबामांनी इंडियाना सुमारे २८ हजार मतांनी घेतलं, १९६४ नंतर पहिल्यांदा. नॉर्थ कॅरोलायना सुमारे १४ हजारांनी, १९७६ नंतर पहिल्यांदा. एवढ्याशा फरकात वसंतातल्या त्या याद्यांचा वाटा नव्हता असं कुणी म्हणत असेल तर मला ते मान्य नाही. हिलरी ७ जूनला थांबल्या, आणि ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात मतमोजणी थांबवून ओबामांची निवड एकमुखाने करा, असा ठराव त्यांनीच मांडला.

नुकसान करणारं राहणं बघायचं असेल तर १९८० बघा. तेव्हाचे अध्यक्ष कार्टर यांनी जूनमध्येच उमेदवारीसाठी लागणारे १,६६६ डेलिगेट ओलांडले होते. तरी त्यांना पक्षातूनच आव्हान देणारे टेड केनेडी ऑगस्टच्या अधिवेशनापर्यंत लढले, तेही डेलिगेटना मोकळं सोडा, नियम बदला, या मागणीवर. जिंकण्याची एकमेव वाट नियम बदलण्यातून जात असेल तर थांबावं. उलट १९७६ मध्ये रिपब्लिकन पक्षात रेगन पहिल्या पाच प्रायमरी हरले, पैसे संपले होते, पक्षातले गव्हर्नर आणि महापौर थांबा म्हणत होते. २३ मार्चला त्यांनी नॉर्थ कॅरोलायना जिंकलं आणि अधिवेशनात तेव्हाचे अध्यक्ष फोर्ड यांच्याशी १,१८७–१,०७० इतकी टक्कर दिली. पुढच्या खेपेला उमेदवारी त्यांची होती.

आता तुमचा सरसकट प्रश्न. डेमोक्रॅटिक पद्धतीत दुसऱ्या क्रमांकालाही डेलिगेट मिळतात आणि डेलिगेट म्हणजे वाटाघाटीची ताकद. २०१६ मध्ये हिलरींविरुद्ध लढणारे बर्नी सँडर्स शेवटपर्यंत राहिले म्हणून जाहीरनाम्याच्या १५ जणांच्या समितीत ५ माणसं त्यांची होती. तेव्हा राहावं. रिपब्लिकन पक्षात मात्र वेगळं गणित. २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना ३२.५ टक्के मतं आणि डेलिगेट पन्नासच्या पन्नास. रुबिओ आणि क्रूझ यांनी बावीस-बावीस टक्के घेऊन हाती काही नाही. अशा राज्यांत तिसऱ्या-चौथ्याने रेंगाळणं म्हणजे पहिल्याला आयतं राज्य देणं.

अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, एका जागेची प्रायमरी असेल तर आणखी वेगळं. आपल्या बेळगावकडचे श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधल्या डेट्रॉईटच्या जागेसाठी नऊ जणांच्या प्रायमरीत सुमारे २८ टक्के मतांवर निवडून आले. तिथे दुसरी फेरी नसते. बाकीच्यांनी एकत्र यायचं असेल तर ते मतपत्रिकेवर नाव छापलं जाण्याआधी. आपल्याकडे बंडखोरांची मनधरणी अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंतच चालते, त्याचं कारणही हेच.

माघारीची तारीख मतदानाच्या दिवसावरून मोजू नका, मतपत्रिका टपालात पडतात त्या दिवसावरून मोजा. २०२० च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत बुटिजेज १ मार्चला आणि क्लोबुशार २ मार्चला थांबल्या, सुपर ट्यूजडे ३ तारखेला. कॅलिफोर्निया आणि कोलोरॅडोत मतपत्रिका कित्येक दिवस आधीच घरोघरी गेल्या होत्या आणि त्यांच्या नावावर भरून परतही आल्या होत्या. ती मतं वाया गेली.

पैशाबद्दल एक सांगायचं राहिलं. हिलरींनी स्वतःचे एक कोटी दहा लाखांहून अधिक डॉलर मोहिमेला कर्जाऊ दिले होते. तेव्हाच्या कायद्याने अडीच लाखांवरची रक्कम निवडणुकीनंतरच्या देणग्यांतून परत घेता येत नसे. सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादा २०२२ मध्ये रद्द केली, पण हरलेल्या उमेदवाराला देणगी द्यायला फारसं कुणी पुढे येत नाही. कर्ज काढून लढत असाल तर वरचं बरंचसं विसरा आणि आधी थांबा.

आणि थांबताना "माघार" म्हणू नका, "मोहीम स्थगित" म्हणा. अमेरिकी निवडणूक आयोगाच्या कायद्यात स्थगित असा काही दर्जा नाही, कर्ज फेडायला देणग्या घेणं चालूच राहतं. पण डेमोक्रॅटिक नियमांनुसार उमेदवार शर्यतीतून बाहेर गेला तर मतदारसंघांतले डेलिगेट त्याचेच राहतात, राज्यस्तरावरचे मात्र उरलेल्यांत वाटले जातात. २०२० मध्ये सँडर्स यांनी ८ एप्रिलला मोहीम थांबवली पण नाव मतपत्रिकेवर ठेवलं, आणि त्यांचे राज्यस्तरीय डेलिगेट टिकावेत म्हणून बायडन यांच्या गटाशी वेगळा समझोता करावा लागला. न्यूयॉर्कने तर त्यांचं नाव काढून प्रायमरीच रद्द केली होती. दुसरे उमेदवार अँड्र्यू यांग कोर्टात गेले म्हणून ती २३ जूनला झाली. तेव्हा थांबण्याचं जाहीर करण्याआधी उरलेल्या प्रत्येक राज्याचा नियम वकिलाकडून वाचून घ्या.