मुंबईचा जगात नेमका कितवा नंबर?

मोजतंय कोण त्यावर आहे हो सगळं. पैसा मोजला तर अतिश्रीमंतांच्या २०२४ च्या हुरुन यादीत मुंबईत ९२ अब्जाधीश निघाले, बीजिंगपेक्षा एक जास्त, पुढे फक्त न्यूयॉर्क आणि लंडन. पण राहायला कसं ते मोजणाऱ्या इआययूच्या (इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट ह्या संस्थेच्या) यादीत २०२३ ला १७३ शहरांत आपण १४० च्या आसपास होतो, कारण तिथे हॉस्पिटलं, शाळा, रस्ते, पाणी असं सगळं धरतात आणि तिथे आपली बोंब आहे, ते काय लपून राहिलेलं नाही.

मला खरी गंमत वाटते ती रीडर्स डायजेस्ट मासिकाची. २००६ ला त्यांनी ३५ शहरांत सौजन्य तपासलं, म्हणजे मागच्यासाठी दार धरता का, कोणाचे कागद पडले तर उचलून देता का वगैरे, आणि मुंबई शेवटून पहिली!! मग २०१३ ला त्यांनीच १६ शहरांत १२-१२ पाकिटं मुद्दाम पाडली, तर मुंबईत ९ परत आली, फक्त हेलसिंकी पुढे, तिथे ११.

आता सांगा, उद्धट की प्रामाणिक? माझ्या मते दोन्ही. ८:४० ची फास्ट पकडताना दार कोण धरणार, आणि साध्या लोकलला दार बंद तरी कुठे असतं. पण त्याच डब्यात अनोळखी माणूस न बोलता तुमची बॅग घेऊन वर रॅकवर ठेवतो आणि तिघांच्या बाकावर चौथ्या सीटसाठी सगळे कुरकुरत का होईना सरकतात. ह्याला मार्क कुठल्याच यादीत नाहीत.