वेस्ट विंडसरचं घर आणि प्लेन्सबोरोचं भाडं

न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. २०२१ च्या सुरुवातीला त्यांनी ४ लाख २० हजार डॉलरना टाउनहाउस घेतलं. कर्ज ३ लाख ३६ हजारांचं, ३० वर्षांचं, व्याज २.८७५ टक्के. आज त्या घराला ५ लाख ८० हजार येतील असं रिअल्टर म्हणतो. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. मुलगा पाच वर्षांचा, किंडरगार्टनमध्ये. यजमान एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे. ताई एच-४ ईएडीवर, म्हणजे जोडीदाराला मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर, नोकरी करतात. दोघांचं मिळून उत्पन्न वर्षाला २ लाख ३५ हजार, हातात महिन्याला साधारण १३,२०० येतात. शाळांसाठी त्यांनी वेस्ट विंडसरमध्ये ९ लाख २५ हजारांचं घर पाहून ठेवलंय. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "मुलगी गणिताच्या तासाला कंटाळते, सगळे सांगतात डिस्ट्रिक्ट (शाळांचा विभाग) बदला. मुलांच्या शिक्षणात पैशाचा हिशोब करतेय म्हणून मनाला लागतं."

ताई, आधी त्या शेवटच्या वाक्याबद्दल. हिशोब करताय म्हणून मुलांवरची माया कमी ठरत नाही. तेरा वर्षांनी मुलगा बारावी संपवेल तेव्हा त्याच्या कॉलेजचे पैसे शिल्लक असावेत, हाही त्याच्याच शिक्षणाचा विचार आहे. तेव्हा अपराधीपणा बाजूला ठेवून आकड्यांकडे बघू.

आज तुमचा घराचा हप्ता १,३९४ डॉलर आहे. प्रॉपर्टी टॅक्सचे महिन्याला ७००, सोसायटीचे २८० आणि विम्याचे साठेक धरले की घर तुम्हाला २,४३० ला पडतं. नव्या घरात २० टक्के रोख भरून उरलेल्या ७ लाख ४० हजारांना बँकेने ६.२५ टक्के सांगितलेत, म्हणजे हप्ता ४,५५६. प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला १९,२००, म्हणजे महिन्याला १,६००. विमा दीडशे. एकूण सुमारे ६,३००. फरक महिन्याला ३,९०० च्या घरात, वर्षाला ४६ हजार.

यातले थोडे पैसे परत मिळतात, तेही सांगायला हवं. स्थानिक आणि राज्य करांच्या वजावटीची मर्यादा २०१८ पासून १० हजार होती, ती २०२५ च्या कायद्याने ४० हजारांवर नेली. नव्या घरात व्याजाचे ४६ हजार आणि करांचे २९ हजार मिळून तुमची वजावट ७५ हजारांच्या आसपास जाईल. प्रमाणित वजावट, म्हणजे खर्च न दाखवताही सगळ्यांना मिळणारी, ३२ हजारांच्या जवळपास आहे, त्यामुळे केंद्रीय करात वर्षाला साडेनऊ हजार वाचतील. मात्र २०३० मध्ये ही मर्यादा पुन्हा १० हजारांवर यायची आहे, आणि तसं झालं की हा फायदा जवळजवळ निम्म्यावर येईल. तोपर्यंत निव्वळ जादा खर्च वर्षाला ३६-३७ हजार.

आता जी गोष्ट रिअल्टर सहसा दाखवत नाही ती बघा. नव्या घराच्या हप्त्यातून पहिल्या वर्षी मुद्दल फिटेल ८,७०० डॉलर. आत्ताच्या हप्त्यातून यंदा फिटतंय सव्वाआठ हजार. म्हणजे महिन्याला तिप्पट हप्ता भरूनही स्वतःच्या घरात तुम्ही जवळपास तेवढीच भर घालणार. बाकीचं सगळं व्याज आणि टॅक्स. महागडं घर जास्त वाढेल, हे खरं. वर्षाला ३ टक्के वाढ धरली तर जादा साडेतीन लाखांवर दहा हजार मिळतील. पण स्वतंत्र घराचं छप्पर, फर्नेस, अंगण, ड्राइव्ह-वे हे आता सोसायटी बघणार नाही, आणि त्यात वर्षाला आठ-नऊ हजार सहज जातात. दोन्ही एकमेकांत वळते करा, आपण परत छत्तीस हजारांवर येतो.

छत्तीस हजार म्हणजे किती? न्यू जर्सीच्या रहिवाशाला रटगर्स या राज्य विद्यापीठात फी, राहणं-खाणं आणि पुस्तकं मिळून एका वर्षाला साधारण तेवढेच लागतात. म्हणजे त्या घरातलं प्रत्येक वर्ष हे मुलांच्या कॉलेजचं एकेक वर्ष आहे. तुमच्या ५२९ खात्यात (कॉलेजसाठीच्या बचत खात्यात) आज दोघांचे मिळून ११ हजार आहेत. पत्रातला मला सर्वात जास्त खटकलेला आकडा हाच.

आता मूळ मुद्दा. वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबोरो या दोन टाउनशिप मिळून एकच स्कूल डिस्ट्रिक्ट आहे. हायस्कूल दोन, साउथ वेस्ट विंडसरमध्ये आणि नॉर्थ प्लेन्सबोरोत. सार्वजनिक शाळेत प्रवेश मिळतो तो तुम्ही त्या हद्दीत खरोखर राहता म्हणून. घर मालकीचं आहे का, हे कोणी विचारत नाही. प्लेन्सबोरोतल्या दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमधली मुलं आणि नऊ लाखांच्या घरातली मुलं एकाच डिस्ट्रिक्टच्या शाळांत शिकतात. तुम्हाला हवी आहे तेरा वर्षांची शाळा, आणि तुमच्यापुढे ठेवलंय तीस वर्षांचं कर्ज. हे दोन निर्णय वेगवेगळे आहेत. सगळ्यांनी ते एकत्र बांधून टाकलेत, म्हणून तुमची घुसमट होतेय.

शाळेचा भाव घराच्या किमतीत कसा मुरतो यावर सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ मध्ये चांगलं संशोधन प्रसिद्ध केलं. बॉस्टनच्या उपनगरांत प्राथमिक शाळांच्या हद्दरेषेच्या अलीकडची आणि पलीकडची घरं त्यांनी ताडून पाहिली. वस्ती तीच, पण शाळा वेगळी. परीक्षेतले गुण ५ टक्क्यांनी जास्त असलेल्या बाजूला पालक घरासाठी अडीच टक्के जास्त मोजत होते. हा जादा पैसा बुडतो असं नाही. शाळेचं नाव टिकलं तर विकताना तो परत मिळतो. पण तो अडकवून ठेवण्याची ऐपत आणि निश्चिंती लागते, आणि तुमच्या बाबतीत माझा पाय तिथेच अडखळतो.

यजमानांची नोकरी गेली तर एच-वन-बीवर दुसरी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला साधारण ६० दिवसांची मुदत मिळते. तुमचं ईएडीही त्यांच्याच स्थितीवर उभं आहे. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग दशकाहून जास्त मागे आहे, म्हणजे बहुधा मुलीच्या हायस्कूलच्या वर्षांतही तुम्ही व्हिसावरच असाल. तुमची नोकरी थांबली तर एकट्या त्यांच्या पगाराचे हातात ८,५०० येतात असं तुम्ही लिहिलंय. आजच्या घराला त्यातले २९ टक्के लागतात. नव्या घराला ७४ टक्के लागतील. त्यात किराणा, गाडी, मुलाचं डे-केअर आणि सोलापूरला आईंना पाठवायचे पैसे कुठून यायचे? आणि साठ दिवसांत घर विकायची वेळ आली तर कमिशन, हस्तांतरण शुल्क आणि वकील धरून पन्नास-पंचावन्न हजार तिथेच जातील. भाड्याच्या घराचा करार मोडताना फार तर दोन-तीन महिन्यांचं भाडं जातं.

म्हणून माझा सल्ला असा: टाउनहाउस विकू नका. तीन टक्क्यांहून कमी व्याजाचं कर्ज पुन्हा मिळेल असं मला दिसत नाही, ते सोडू नका. मुलगी सहावीत जाईल तेव्हा, म्हणजे २०२७ च्या उन्हाळ्यात, घर भाड्याने द्या आणि प्लेन्सबोरोत भाड्याने राहायला जा. त्या डिस्ट्रिक्टमध्ये मिडल स्कूल सहावीपासून सुरू होतं, त्यामुळे तिला सगळ्यांबरोबर नव्याने सुरुवात करता येईल.

तुम्हीच दिलेल्या आकड्यांनी मांडतो. तुमच्या घराला ३,१०० भाडं येईल. त्यातून २,४३० चा खर्च आणि दुरुस्ती, रिकामा महिना वगैरेंसाठी अडीचशे बाजूला काढले की ४२० उरतात. दोन बेडरूमचं भाडं २,७०० आहे, म्हणजे खिशातून जाणार २,२८०. आजच्यापेक्षा दीडशे कमीच. दोन मुलांना एका खोलीत दाटी होईल असं वाटत असेल तर ३,६०० चं तीन बेडरूमचं घर घ्या, मग आजच्यापेक्षा ७५० जास्त जातील. मी तुमच्या जागी असतो तर तीन बेडरूमचंच घेतलं असतं. मुलगी वयात येईल तेव्हा तिला तिची खोली हवी.

मला कल्पना आहे की हे ऐकायला सोपं नाही. "स्वतःचं घर असून भाड्याने? परत अपार्टमेंटमध्ये?" असं सासरी, माहेरी आणि गणपतीच्या आरतीला जमलेल्या मंडळींतही विचारलं जाईल. आपल्याकडे घर पाहावं बांधून म्हणतात, घर ही संसाराची खूण असते, आणि ती खूण मागे घेतल्यासारखं वाटतं. पण घर जाणार नाहीये, ते भाडेकरूच्या पैशांनी फिटत राहणार आहे. यजमानांना हे कागदावर दाखवा. दोन्ही घरांचे आकडे समोरासमोर लिहिले की बोलणं सोपं जातं.

याला एक मुदत आहे, ती कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा. घर विकताना पती-पत्नींना ५ लाखांपर्यंतच्या नफ्यावर केंद्रीय कर लागत नाही, पण विक्रीच्या आधीच्या पाच वर्षांपैकी किमान दोन वर्षं तुम्ही तिथे राहिलेलं असायला हवं. २०२७ च्या उन्हाळ्यात बाहेर पडलात तर २०३० च्या उन्हाळ्यापर्यंतच ही सवलत मिळेल. आजच्या किमतीने तिची किंमत पंचवीस-तीस हजार डॉलर होते. तेव्हा २०२९ च्या शेवटी नीट बसून ठरवा: विकायचं, परत राहायला जायचं, की सवलत सोडून भाड्याने ठेवायचं. भाड्याच्या वर्षांचा घसारा (घराच्या झिजेची वजावट) करात धरला जाईल, त्यावर विकताना कर भरावा लागतो. त्यासाठी सीपीए, म्हणजे इथला सीए, गाठा.

यजमानांच्या सहकाऱ्याने "आमचा पत्ता वापरा" असं सुचवलंय. कृपा करून असं करू नका. पत्ता खोटा निघाला तर न्यू जर्सीत डिस्ट्रिक्ट मुलाला काढू शकतं आणि गेलेल्या दिवसांची फी वसूल करू शकतं. व्हिसावरच्या कुटुंबाने खोट्या कागदावर सही करणं तर फारच महागात पडेल. आणि नऊ वर्षांच्या मुलीला शाळेत कुठे राहते हे खोटं सांगायला शिकवावं लागेल, हे मला पैशापेक्षा जास्त सलतं.

मुलीच्या कंटाळ्यासाठी २०२७ पर्यंत थांबायचं कारण नाही. न्यू जर्सीत २०२० च्या कायद्याने प्रत्येक डिस्ट्रिक्टला किंडरगार्टन ते बारावीपर्यंत विशेष गती असलेली मुलं ओळखून त्यांना साजेसं शिक्षण द्यावं लागतं. शाळेला लेखी विचारा: निवड कशी होते, गणितात वरच्या इयत्तेचा अभ्यास मिळतो का. उत्तर समाधानकारक नसेल तर शिक्षण मंडळाकडे तक्रार करता येते. आणि वेबसाइटवर शाळेला दिलेल्या दहापैकी गुणांवर फार विसंबू नका. ते बरेचसे परीक्षेच्या निकालावर असतात आणि निकालात पालकांचं शिक्षण नि उत्पन्न डोकावतं. राज्याच्या शाळा अहवालात मुलांची वर्षागणिक प्रगती दिलेली असते, ती आधी बघा.

आणखी एक बारकावा. वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत आहे, प्लेन्सबोरो मिडलसेक्समध्ये. मिडलसेक्स काउंटीच्या एडिसन आणि वुडब्रिजमधल्या मॅग्नेट अकॅडमींत (ठरावीक विषयांवर भर देणाऱ्या सार्वजनिक हायस्कूलांत) नववीसाठी परीक्षा देऊन प्रवेश मिळतो, फी नाही, पण त्या मिडलसेक्सच्या रहिवाशांसाठी आहेत. गणिताची ओढ असलेल्या मुलीसाठी एडिसनची विज्ञान-गणित-अभियांत्रिकीची अकॅडमी पाहण्यासारखी आहे. प्लेन्सबोरोत राहिलात तर ते दार उघडं राहतं. नऊ लाखांचं घर घेऊन वेस्ट विंडसरला गेलात तर बंद होतं.

ज्या डिस्ट्रिक्टसाठी एवढी धडपड चाललीय त्याच्याच अधीक्षकांनी, डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी, २०१५ मध्ये पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं होतं. आदल्या वर्षी मिडल आणि हायस्कूलच्या १२० विद्यार्थ्यांना मानसिक आरोग्य तपासणीसाठी पाठवावं लागलं, असं त्यात होतं. त्यांनी हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा काढून टाकल्या, काही रात्री गृहपाठ बंद केला. त्यावर पालकांत दोन तट पडले. शाळा उत्तम आहेत, यात वाद नाही. पण जाण्याआधी एखाद्या संध्याकाळी तिथल्या सातवी-आठवीच्या मुलांच्या आयांशी बोला. तुमच्या मुलीला स्पर्धेने हुरूप येतो की पोटात गोळा येतो, हे मला आकड्यांतून कळणार नाही. तुम्हाला कळेल.

माझं मत कशाने बदलेल तेही लिहितो. ग्रीन कार्ड हातात आलं, किंवा घराचा खर्च एका पगाराच्या ४० टक्क्यांत बसू लागला, तर वेस्ट विंडसरचं घर जरूर घ्या, मी स्वतः कर्जाचे कागद तपासून देईन.

या महिन्यात एवढं करा. सोसायटीच्या नियमांत घर भाड्याने द्यायला बंदी किंवा मर्यादा आहे का ते लेखी मागवा, कारण बंदी असेल तर ही सगळी मांडणी नव्याने करावी लागेल. प्लेन्सबोरोतल्या कुठल्या अपार्टमेंटची मुलं कुठल्या शाळेत जातात ते रिअल्टरला न विचारता थेट डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात विचारा. आणि नव्या घरासाठी जादा भरायला तुम्ही तयार होतात त्या ३,९०० पैकी १,००० डॉलर पुढच्या पगारापासून मुलांच्या ५२९ खात्यांत वळवा, ६०० मुलीच्या आणि ४०० मुलाच्या, कारण तिचं कॉलेज आधी येतंय. सोसायटीचं उत्तर आलं की मला कळवा.