कमिटमेंट म्हणजे नेमकं काय? मराठीत त्याला काय म्हणावं?

तुमचा प्रश्न असा, की 'कमिटमेंट' म्हणजे वचन, निष्ठा की जबाबदारी, आणि इंग्रजी वाक्यात तो शब्द कसा बसवायचा. तिन्ही अर्थ बरोबर आहेत, फक्त जागा वेगवेगळ्या. मी कागदपत्रांची भाषांतरं करतो, त्यात कोर्टाची बरीच, म्हणून सुरुवात तिकडूनच करतो.

मूळ लॅटिन क्रियापदाचा एक अर्थ 'सोपवणे'. 'कमिटी'ही त्याच घरातली: जिच्यावर काम सोपवलं ती. कोर्टात हा जुना अर्थ अजून जिवंत आहे. खुनाचा खटला मॅजिस्ट्रेट चालवत नाही, तो सेशन्स कोर्टाकडे पाठवतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २०९ खाली व्हायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३२ खाली होतं. वकील सरळ म्हणतात, 'केस कमिट झाली.' तिथे वचनबिचन काही नाही. यंत्राकडून भाषांतर करून घेतलं की कधीकधी 'खटला वचनबद्ध झाला' असं काहीतरी हाती येतं, आणि ते निस्तरायला आम्ही असतोच.

एकदा हातातून दिलं की सहज परत घेता येत नाही, हा धागा धरलात की बाकीचे अर्थ उलगडतात. डेटाबेसवर काम करणाऱ्यांना विचारा: कमिट करेपर्यंत रोलबॅक करता येतं, म्हणजे केलेले बदल मागे घेता येतात, नंतर नाही. बँक कर्ज मंजूर करते आणि तुम्ही ते उचलत नाही, तरी काही कर्जांवर कमिटमेंट चार्ज लागतो, कारण तेवढा पैसा तुमच्यासाठी अडकून राहिलेला असतो.

'निष्ठा' या अर्थाला मराठीत 'बांधिलकी' हा चांगला शब्द आहे. साहित्यातल्या 'सामाजिक बांधिलकी'वर आपल्याकडे भरपूर शाई सांडली आहे. पण बांधिलकी कुणाशी, हे सांगितल्याशिवाय शब्दाला अर्थ नाही. एप्रिल १९७३ मध्ये केंद्र सरकारने शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं. तिघांनीही राजीनामे दिले. त्या काळात 'कमिटेड ज्युडिशियरी' हा शब्दप्रयोग गाजला. राज्यघटनेला बांधील न्यायाधीश सगळ्यांनाच हवे असतात. टीकाकारांचं म्हणणं होतं की इथे बांधिलकी सरकारच्या धोरणाशी मागितली जातेय. शब्द तोच, आणि तो शिवी झाला.

सरकारी जाहिरातींतलं 'शासन कटिबद्ध आहे' मला मात्र फुसकं वाटतं. कंबर कसलेली असते, तारीख नसते.

रोजच्या बोलण्यात आपण 'शुक्रवारची कमिटमेंट दिलीय' म्हणतो. तिथे 'शब्द दिलाय' पुरेसं आहे. 'आय हॅव अ प्रायर कमिटमेंट' म्हणजे फक्त 'आधीच एक काम ठरलंय', त्यात निष्ठा शोधू नका. नात्याबद्दल 'तो कमिटेड आहे' याला मात्र मला एका शब्दाचा पर्याय सुचत नाही. मी कमिटेडच ठेवतो.

आता वाक्यरचना. कमिटमेंट 'मेक' किंवा 'गिव्ह' करतात आणि दिलेली 'ऑनर' करतात. मराठीतल्या 'त्याच्याकडून कमिटमेंट घे'साठी 'टेक' नको, 'गेट' वापरा. 'कमिटेड'नंतरच्या 'टू'पुढे क्रियापदाला 'आयएनजी' लावा: 'वी आर कमिटेड टू इम्प्रूव्हिंग'. नुसतं 'टू इम्प्रूव्ह' कानाला खटकतं, जरी कंपन्यांच्या पत्रकांत ते सर्रास दिसतं.

स्पेलिंगमध्ये एम कायम दोन. टी मात्र कमिटमेंटमध्ये मध्यभागी एकच, आणि कमिटेड, कमिटिंग, कमिटी यांत दोन. पुढचा प्रत्यय स्वराने सुरू झाला की टी दुप्पट होतो. 'मेंट' व्यंजनाने सुरू होतो, म्हणून तिथे होत नाही.